भरती

गोत्री रोडला चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
रात्री साडेअकराला मी एक बटण दाबते
आणि एकशे एकोणीस कोच जागे होतात.
चेहरे नाहीत त्यांना.
अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल टीम,
ज्यांना कोणी माणूस खेळवत नाही
त्या सगळ्या मशीन खेळवतं,
आणि मशीन पोरं कशी निवडतं
हे बघायचा मला पगार.

तक्रार जुनीच, मेल तीनदा येऊन गेलंय:
जो तो कोच चेंडू फेकणाऱ्याच्याच मागे.
एका टीमकडे सात क्वार्टरबॅक जमलेत,
सातही पाच स्टारवाले,
आणि त्यांच्यापुढे उभं राहून
धडक अंगावर घेणारा एक नाही.
सात नवरदेव, घोडी कुठाय?

कोड उघडते.
कोच आठवड्याला एक फोन करतो,
फोन म्हणजे एक आकडा वाढतो.
वचन देतो, तोही आकडाच.
घरापासून किती लांब राहणं पोराला सोसेल
हेसुद्धा लिहिलंय, शून्य ते नव्याण्णव.
आई मात्र कुठल्याच फाइलीत नाही.

सलाटवाड्यात आमच्याकडे कदमबांडे सर यायचे
कॉलेजच्या खो-खोला मुली शोधत, लूनावरून.
आत यायच्या आधी दारातल्या चपला
उलट्या करून बघायचे:
कुठली बोटांखाली झिजलीय, कुठली टाचेला.
टाच झिजलेलीला काही विचारत नसत.
मग बशीत चहा ओतून
आईशी बोलायचे, माझ्याशी नाही.
तेलाचा डबा केवढ्याला पडला,
मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन कुठे केलं.
उठताना म्हणायचे,
"शेजारच्या तेजलला सांगा हं,
सोमवारी पोलो ग्राउंड. पहाटे साडेपाच."

माझी चप्पल त्यांनी दोनदा पाहिली होती.
ती मुळात माझ्या मावसबहिणीची.
टाच तिची.
हे सांगायला मला चौदा वर्षं उशीर झालाय
आणि सरांची लूनाही आता कोणाकडे असेल
कोण जाणे.

सोमवारी मी गेले होते तशीही.
जाळीबाहेरून पाहिलं:
चौकोनात बसलेल्या मुली,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे,
बोटं मातीत रोवलेली,
मागून येणारी पावलं फक्त ऐकायची
आणि पाठीवर हात पडेपर्यंत
हलायचं नाही.

तीनच्या सुमारास एक ओळ लिहिते:
आपल्याकडे काय कमी आहे ते आधी मोज,
मग फोन लाव.
चालवते. टीम भरायला लागतात.
एक मुलगा बाजूला काढून ठेवलाय मी,
मक्याच्या कुठल्याशा गावातला,
दोन स्टार, वजन एकशे अडतीस किलो,
नावसुद्धा मशीननेच इकडून तिकडून जोडलेलं.
सहावा आठवडा. फोन शून्य.
अकरावा. शून्य.
पंधराव्यानंतर उरलेली पोरं पुसली जातात,
मेमरी लागते ना पुढच्या वर्षाला.

हितार्थ कॅन्टीनमधून विचारतो,
"अगं, सेवउसळ गार झाली, चालसे?"
चालेल म्हणते. डोळे स्क्रीनवर.

पंधराव्या आठवड्यात
नकाशाच्या पार वरच्या कोपऱ्यातली
बर्फातली एक टीम त्याला घेते.
मी खुर्चीतून अर्धी उठते.
माझी ओळ?
लॉग वाचते, खालून वर, वरून खाली.
नाही.
त्यांची यादी संपली होती
आणि आडनाव अ वरून सुरू होत होतं, एवढंच.
मेल लिहिते: सुधारणा केली आहे,
कृपया तपासून पाहावे.

साडेपाच. दाराबाहेर चपलांचा ढीग,
आमच्याकडे काढूनच आत यायची रीत.
कोणी बघत नाही असं पाहून
माझी उलटी करते.

बोटांखाली जवळजवळ कोरी.
टाच झिजलेली,
ह्या वेळी माझी मीच.